शकुनबाईनं आधी दंड पुढे केला

दिघोरीच्या शिवारात धानाच्या लावणीचा रोवणा लागला, की शकुनबाईच्या टोळीला फार मागणी. टोळीत तेरा बाया, आणि त्यांच्यापुढे शकुनबाई. वय साठीला टेकलेलं. पण चिखलभरल्या बांधीत उतरली, की तिच्या हाताबरोबर हात चालवताना तरण्याताठ्यांची दमछाक व्हायची. शेतमालक गुत्ता, म्हणजे लावणीचा ठेका, द्यायचे ते तिचं नाव ऐकून. म्हणूनच एक गोष्ट तिनं चार वर्षं पदराआड ठेवली होती. तिला साखरेची बिमारी होती. दुपारची गोळी ती 'पित्ताची' म्हणून गिळायची. आजारी म्होरकीला गुत्ता कोण देणार?

त्या साली टोळीत सहावा महिना लागलेली शुभांगी होती. तिला पाहिलं, की शकुनबाईला आपली भाची आठवायची. मागच्या पावसाळ्यात तीही अशीच भरल्या पोटी होती. सर्दीतापाचं निमित्त झालं, तो स्वाइन फ्लू निघाला आणि आठ दिवसांत सारं आटोपलं. त्यामुळे उपकेंद्रात फ्लूची लस आल्याचं कळताच शकुनबाई नर्स तेजस्विनीला सांगून आली, "बाया रोवणा सोडून तुह्याकडं येनार नाहीत, बाई. तूच ये शेतात, धुऱ्यावर."

तेजस्विनी लसीचा डबा घेऊन आली, तेव्हा मोहाच्या झाडाखाली बायांची जेवणं आटोपत होती. शुभांगी उठली, तोच टोळीतलीच तिची सासू, सत्यभामाबाई, आडवी आली.

"थांब वं! आमाले सहा पोरं झाली, बिनासुईची. हिलेच काहून टोचून राहिली?"

"काकी, पोटुशी बाई, साखरवाले, दमेवाले, म्हातारे, यायले हा ताप भारी पडते. म्हनून यायले आधी."

"असं? मंग टोळीत साखरवाली कोन हाय? तिले टोच पयले. तिले काही झालं नाही, तं माही सून घेईन."

तेजस्विनीनं मान खाली घातली. शकुनबाईच्या गोळ्या तिच्याच हातून जायच्या. पलीकडे शेतमालक मधुकरराव छत्री घेऊन उभे होते. शकुनबाईनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा शुभांगीच्या पोटाकडे. मग नालीच्या पाण्यात हात धुतले आणि पोलक्याची बाही वर सारली.

"मले दे. चार साल झाले, साखर हाय मले. डाव्या दंडात दे, उजव्यानं रोवाचं हाय."

"माय वं! अन् आमाले पित्त सांगे!" सत्यभामाबाईनं कपाळावर हात मारला. "लबाड कुठची!"

"तुले सांगतलं असतं, तं दिघोरीत दवंडी कायले लागली असती?"

बाया फिदीफिदी हसल्या. हसले नाहीत ते मधुकरराव. सुई झाल्यावर अर्धा तास बसायचं होतं. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"शकुनबाई, बिमार मानसानं गुत्ता कायले घ्यावा?"

"सकाळपासून माह्यापुढं कोन गेलं, थे सांगा, मालक."

मधुकररावांनी तिसऱ्यांदा घड्याळ पाहिलं. त्यांचा चेहरा काही उजळला नाही, आणि शकुनबाईला त्याचा अर्थ कळला.

अर्धा तास सरला. सत्यभामाबाईनं शकुनबाईच्या कपाळाला हात लावला, डोळे पाहिले, बाजारात म्हैस पाहावी तशी तिच्याभोवती एक फेरी मारली. "जिती हाय," ती म्हणाली. "टोच मंग सुनेले."

दुसऱ्या दिवशी शकुनबाईचा दंड ठणकत होता. रोपांची पेंडी धरताना तोंडातून 'स्स' निघालं, तेवढंच. हात थांबला नाही.

पुढच्या साली मधुकररावांनी गुत्ता बाबुलालच्या टोळीला दिला. शकुनबाई भांडायला गेली नाही. तिनं शेजारच्या शिवारात दुसरं काम पाहिलं. वाट लांबची, त्यात गोळीचं गुपितही फुटलेलं; किती बाया येतील, याचा तिला भरवसा नव्हता. सकाळी ती गावाबाहेर पोचली, तेव्हा पदर खोचून बारा जणी आधीच उभ्या होत्या. शुभांगी सगळ्यांत पुढे. एकटी सत्यभामाबाई तेवढी आली नव्हती. नातीला सांभाळायला घरी कोणी नको का?