एका पोळीनं काय होतंय

मोशीत आमच्या गल्लीत शेवटचा बैल आमचाच उरला होता. जमिनीवर सोसायट्या झाल्या, पण वडिलांनी गोठा आणि तो एक खिलार सोडला नाही. त्यामुळे पोळ्याला सगळ्या सोसायट्या आमच्या दारात. बीडची, लातूरची माणसं चाकणची शिफ्ट संपवून बायकापोरांसह पुरणपोळीचं ताट घेऊन रांगेत उभी राहायची. गावाकडच्या बैलांची हौस आमच्या एकट्या बैलावर.

त्या वर्षी मी सकाळपासून दारात घसा फोडत होतो. ओवाळा, पाया पडा, फोटो काढा, पण पोळी घालू नका. ऐकतंय कोण! जो तो म्हणे, एका पोळीनं काय होतंय. वडिलांना म्हटलं, तुम्ही तरी अडवा. ते म्हणाले, "सणासुदीला दारात आलेल्या माणसाला न्हाई कसं म्हणायचं?" मी डोक्याला हात लावला.

दुसऱ्या दिवशी बैल रवंथ करेना. पोट टम्म फुगलेलं, मान खाली. जनावरांचे डॉक्टर आले आणि तपासता तपासताच चिडले. त्यांनी सांगितलं, बैलाच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात. कडबा ते पचवतात आणि त्यातूनच बैलाला ताकद मिळते. एकदम एवढं पीठ नि गूळ गेलं की पोट आंबतं आणि ते जीवच मरतात.

"पोट भरलंय," ते म्हणाले, "पण जनावर उपाशी आहे."

सोडा पाजला, सलाईन लावली. वडील हिरवा घास त्याच्या तोंडाशी धरून बसले होते. मला सगळ्यांचा राग येत होता, सोसायट्यांचा आणि त्यांच्याहून जास्त वडिलांच्या भिडेचा. तिसऱ्या दिवशी सकाळी बैल गेला.

"कुणी कुणी घातल्या, ध्यानात हाय का तुझ्या?" वडिलांनी विचारलं.

मी तावातावानं एकेक सोसायटी घेऊन माणसं मोजून दाखवली.

पोळ्याच्या संध्याकाळी रांग सरल्यावर बैलानं माझ्याकडे मान वळवली होती. दिवसभर लोकांच्या हातचं खाल्लं, घरचं काहीच नाही, असं वाटून मी आईच्या तव्यावरची एक पोळी तूप लावून त्याला चारली होती. एका पोळीनं काय होतंय, असं मीही म्हणालो होतो. वडिलांना मी एवढं मात्र सांगितलं नाही.