वेखंडाचा एकेक वेढा

लेकीला मांडीवर घेऊनच लिहिते आहे. घरात तान्हं बाळ असेल तर वाचाच.

आज माझी चार महिन्यांची लेक आंघोळीनंतर झोपली ती उठेचना. दुधाची वेळ टळली. तळपाय चोळले, गालाला पाणी लावलं, तरी डोळे उघडेना.

उचललं तर वेखंडाचा वास. तो रोजचाच, टाळूवर आम्ही वेखंडाची पूड लावतोच. पण आज वास तोंडाला येत होता.

सक्करदऱ्याहून ऑटोनं सदर भागातला दवाखाना गाठला. दर सिग्नलला तिच्या नाकाखाली बोट धरून बघत होते.

"काही चाटवलं का?" डॉक्टरांनी विचारलं. मी ठामपणे नाही म्हणाले. घुटीला मी पहिल्या दिवसापासून बंदी घातली आहे.

मागून सासूबाई हळूच म्हणाल्या, "सकाळी मी सहाणेवर वेखंडाचा एकच वेढा उगाळून देल्ला होता."

रामटेकहून आलेली माझी आई रडायलाच लागली. "मीबी एकच देल्ला वं. पोट दुखून राहिलं होतं तिचं."

दोघींनी एकमेकींपासूनही लपवलं होतं!

दोन तासांनी पोरगी टाहो फोडून रडली, तेव्हा जिवात जीव आला. लक्ष ठेवायला सांगितलंय, म्हणून अजून दर पाच मिनिटांनी तिचा श्वास बघते आहे.

घरी आल्यावर आईला विचारलं, "मले सांगितलं काहून नाही?"

"तू ओरडशीन म्हणून वं."

ओरडले असतेच. वेखंडाचं मूळ मी फेकून दिलं. पण माझ्या धाकानं या घरात आणखी काय काय लपलं असेल?

तुमच्या घरचे तुम्हाला सगळं सांगतात का हो?