तेन्नेच्या वाटणीचा भात

सिएरा लिओनच्या जंगलपट्ट्यातल्या आमच्या गावात बाइंदू पाम तेल विकायची. जिभेला धार, आणि एकदा मनात धरलं की सोडायची नाही. रक्ताच्या उलट्यांची साथ आली तेव्हा घरोघर फिरून आजारी माणसं डॉक्टरांना कळवायचं काम तिला मिळालं.

मुखिया लाहाईने गावाला दम भरला, "मेलेल्यांची नावं बाहेर गेली तर बाजार बंद पडेल. गुपचूप कोकोच्या मळ्यात पुरा." मग बाइंदूला दारोदार एकच उत्तर मिळायचं, "आमच्याकडे सगळे ठणठणीत."

डॉक्टर सेसे हिशेब करत होते, एक आजारी माणूस किती जणांना रोग देतो याचा. कळलेली माणसं मूठभर, मग उत्तरही तसंच. "एकाकडून धड एकालाही लागत नाही. साथ आपोआप विझेल," म्हणाले, आणि आमच्या गावातला आजाऱ्यांच्या खाटांचा तंबू दुसऱ्या गावी हलवला.

त्यानंतर बाइंदूची धाकटी बहीण तेन्ने आजारी पडली. तंबू नव्हता, ती घरातच तडफडून मेली. मुखियाच्या माणसांनी तिलाही मळ्यात नेऊन पुरलं. आमच्यात नाव घेऊन पानावर भात वाढल्याशिवाय मेलेलं माणूस नदीपार जात नाही. तेन्ने अलीकडेच राहिली.

"या मुखियाला मी सोडणार नाही गं," बाइंदू मला म्हणाली.

मग मुखियाची आई गेली. "म्हातारपणाने गेली," असं त्याने जाहीर केलं. शेवटपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन तोच बसला होता. लोकांनी कुजबुजू नये म्हणून नदीपारच्या भाताला त्याने डॉक्टरांनाही बोलावलं.

आईचं पान वाढून झालं आणि बाइंदू उठली. दुसरं पान मांडून तिने खणखणीत हाक दिली, "तेन्ने, जेव!"

"बस खाली, बये!" मुखिया ओरडला.

"का? मेलेल्याचा भात अडवतोस? अडव की!"

हाक मारलेल्याचा भात कुणालाच अडवता येत नाही, मुखियालासुद्धा नाही. मग एकेक बाई उठली. नवऱ्याचं पान, लेकीचं पान, सासूचं पान. अंगण भरलं.

डॉक्टर घास टाकून उभे राहिले. "हिला कुणाकडून लागलं?" ते पानापानाशी विचारू लागले.

"त्या पानावरच्याला मेल्यावर हिने न्हाऊ घातलं होतं," एक बाई म्हणाली.

"एकाकडून दोघांना," डॉक्टर पुटपुटले. "आणि मी तंबू हलवला."

तंबू परत आला. आईला हात लावलेल्या मुखियालाही रोग लागला असेल म्हणून त्याला दोरीपलीकडे एकटं ठेवलं. रोज सकाळी त्याचा ताप विचारायचं काम बाइंदूने मागून घेतलं.

"बाइंदूताई, पाणी दे गं," तो म्हणायचा.

"देते. आधी नावं घे. मळ्यातली सगळी. तेन्नेपासून."

तो रडत रडत नावं घ्यायचा. एक जरी चुकलं, तरी ती त्याला पहिल्यापासून म्हणायला लावायची. पाणी नंतर.

तो वाचला. तो वाचल्याचं बाइंदूला फार वाईट वाटलं, आणि ते तिने कधी लपवलं नाही.