नाव कळलेला पाला

साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी मालवणात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. त्याच सुमारास आईला मधुमेह निघाला. पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, आणि इंजेक्शनचं नाव काढलं की ती ओठ मिटून बसायची.

मग तिच्या थोरल्या बहिणीने, माझ्या मावशीने, कसलासा पाला वाटून गोळी द्यायला सुरुवात केली. पहाटे, कुणाशी अक्षर न बोलता तोडलेला पाला! मी धुसफुसायचो. पण साखर तपासायला दर आठवड्याला आईची लघवी निळ्या औषधात घालून मीच स्पिरिटच्या दिव्यावर उकळवत होतो. विटकरी व्हायची ती हळूहळू हिरवट होऊ लागली, म्हणजे साखर उतरत होती. जखमही सुकली.

"पाल्याने, की भात कमी केला म्हणून, कसं सांगणार?" डॉक्टर म्हणाले. "झाड कोणतं ते कळू दे."

मावशी सांगेल तर ना! "नाव सांगलंय तर गुण जातलो," एवढंच. वाटलेल्या गोळीवरून डॉक्टरांनाही काही उमगेना. माझं डोकं फिरायचं. माझ्याच आईच्या पोटात काय जातंय ते मलाच ठाऊक नाही!

शेवटी एका पहाटे मी मावशीच्या मागोमाग गेलो. कुंपणावर चढलेली साधी वेल निघाली. एक फांदी तोडली, दोन पानं चावत घरी आलो, गूळ तोंडात टाकला तर माती खाल्ल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी फांदी बघितली आणि कपाटातलं पुस्तक काढलं. गुडमार, गुळाची गोडी मारणारी. चित्रासकट छापलेली!

एवढ्यासाठी सहा महिने छळलंत? रागाच्या भरात मी त्या दोघींसमोर झाडाच्या नावासकट सगळं ओकून टाकलं. आई घास हातात धरून तशीच बसली.

दुसऱ्या दिवसापासून तिने गोळी घेतली नाही. मी त्याच वेलीचा पाला स्वतः वाटून औषध म्हणून पुढे केला.

"पालो तोच रे," ती म्हणाली, "पण आता तां वखद न्हय."

पुस्तकात छापून जो गुण गेला नाही, तो माझ्या बोलण्याने गेला? मी ओरडलो, मग हात जोडले. महिन्याभरात जखम पुन्हा वाहू लागली. शेवटी मावशीचे पाय धरले. तुम्हीच द्या, तुमच्या हातून ती घेईल, म्हणालो.

मावशी रडत होती. "माजी भयण ती. माका काय बरां वाटता? पण गुण गेलो तो गेलो. तुका झाड होया होतां, गावलां. आता आवशीक काय देतलंस?"