डाव्या हाताची सुरगाठ

राणेकाका परक्या माणसांच्या पिशव्या बांधायचे. घाटकोपरच्या बसस्टॉपवर रांगेत उभे असले आणि पुढच्या बाईच्या पिशवीतून मेथीची जुडी बाहेर लोंबत असली, की त्यांना राहवायचं नाही. खिशातून सुतळीचा तुकडा काढायचे, "बाय, पिशवीचा तोंड उघडा आसा," म्हणायचे आणि ती बाई हो-नाही म्हणेपर्यंत बंदाखाली दोन वेढे देऊन गाठ मारून मोकळे. बऱ्याच बाया हसायच्या. एकदा एकीने मात्र चोर समजून सगळी रांग गोळा केली होती. आमचे बाबा त्याच रांगेत होते म्हणून काका वाचले. घरी येऊन बाबा म्हणाले, "वरच्या मजल्यावर नवीन आलेत ना राणे, डोक्याने जरा सैल आहेत. पण गाठ झकास मारतात." काकांची नि आमची ओळख झाली ती अशी.

भटवाडीतल्या आमच्या चाळीत काका आणि काकू राहायला आले, तेव्हा गिरण्यांचा संप सुरू होऊन बरेच महिने झाले होते. परळची खोली सुटली आणि भाच्याच्या रिकाम्या खोलीत दोघं इथे आले. काका गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. विणून तयार झालेलं कापड घड्या घालून, गठ्ठे करून, बांधून बाहेर पाठवायचं, हे त्यांचं बावीस वर्षांचं काम. गाठ बघितली की माणूस ओळखतो, असं ते सांगायचे आणि मग बिनदिक्कत आमच्या गाठींवरून आम्हाला ओळखायचे. माझी गाठ बघून म्हणाले होते, "तुका घाई आसा आणि राग पण आसा." दोन्ही खरं होतं. मी तेव्हा अकरावीला होते.

कात्रीचं आणि त्यांचं हाडवैर. वाण्याकडून आलेल्या पुड्याची दोरी मी एकदा त्यांच्यासमोर कापायला घेतली, तर माझा हात धरला. "कातर लावलंस तर तुझो माझो संबंध संपलो." मग तो पुडा मांडीवर घेऊन बसले आणि नखाने उकलत उकलत पाचेक मिनिटांनी अखंड दोरी माझ्या हातात ठेवली. वाण्याने मारलेली निरगाठ होती ती, ओढाल तितकी आवळत जाणारी. काकांचा तिच्यावर भारी राग. "गाठ घट मारूक कोणाकय येता," ते म्हणायचे, "होयी तेवा सुटली, तर ती गाठ." त्यांची लाडकी गाठ म्हणजे सुरगाठ. कितीही हिसके बसोत, धरून ठेवणार. आणि शेपूट ओढलं की एका क्षणात मोकळी. हे सगळं ऐकून मी तोंडावर हो म्हणायचे आणि मनात म्हणायचे, काय डोकं खातात यार.

आता आईचं सांगते, कारण काकांचं सांगायचं तर आईवाचून सांगताच येणार नाही. त्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पाय सावरला, बोलणंही परत आलं. पण उजवा हात गेला तो गेलाच. चाळीस वर्षांची बाई. सगळ्या चाळीत बाजार करावा तो हिनेच. भाजीवाल्याशी भांडून, वर मिरची-कोथिंबीर फुकटात उचलून यायची, अशी तिची कीर्ती. बरं वाटायला लागल्यावर एके दिवशी हट्टाने निघाली, एकटी. बसमध्ये दांडा धरायला हात एकच, तेव्हा पिशवी अडकवली त्या लुळ्या हातावर. वळणावर बसने हिसका दिला, पिशवी घसरली आणि कांदे-टोमॅटो बसभर. कंडक्टरने घंटी मारून बस थांबवली. लोक चांगले होते, सगळ्यांनी वाकून वेचून दिलं. पण वेचता वेचता कोणीतरी म्हणालं, "घरातल्या कोणाला पाठवायचं ना. अशा हाताने कशाला निघता?"

आई घरी आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि त्यानंतर चाळीचा जिना उतरली नाही. बाजारच काय, ती कोणाकडे हळदीकुंकवालाही जाईना. जेवायची तीही आमच्याकडे पाठ करून, डाव्या हाताने. आम्ही सगळे तिला अगदी जपत होतो. बाबा विक्रोळीहून कारखान्यातून परस्पर भाजी आणायचे, नाहीतर कॉलेजातून येताना मी. "तू आता आराम कर," असं आम्ही दिवसातून दहादा म्हणायचो. आणि आई खरोखरच आराम करत होती. दिवसभर पलंगावर बसून भिंत बघत होती. चार महिने असे गेले. खरं सांगते, मला तेव्हा भीती वाटायची की ही आता अशीच बसून संपणार.

एकदा जिन्यात काकांनी मला अडवलं. "वैनी खय आसत? तुझी आवस दिसणा नाय." मी त्यांना बसमधली सगळी हकिगत सांगितली. वाटलं, बिचारी बिचारी करतील. ते नुसती मान हलवून वर गेले.

दुसऱ्या दिवसापासून काकांचा उजवा हात लेंग्याच्या खिशात. नळावर बादली भरताना खिशात, वर्तमानपत्र वाचताना खिशात, कोणी नमस्कार केला तरी खिशात. आधी वाटलं, लागलं असेल. मग काकू आमच्याकडे येऊन रडकुंडीला आल्या. "ह्येंका काय झाला कळणा नाय. डाव्या हातान जेवतत. विचारलंय तर गप बस म्हणतत." चाळीने आपला निकाल लावून टाकला: संप लांबला, गिरणीतून बोलावणं येत नाही, माणसाच्या डोक्यावर परिणाम झाला. मलाही तसंच वाटलं. शहाण्यासारखी मी मैत्रिणींमध्ये त्यांची नक्कल करूनही दाखवली. ते आठवलं की आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्याच आठवड्यात समोरच्या बिऱ्हाडात सत्यनारायण होता. आईला बाबांनी कसंबसं ओढून आणलं होतं, ती दाराशी मागे बसली होती, पदराखाली हात. तीर्थ वाटत भटजी काकांसमोर आले आणि काकांनी डावा हात पुढे केला. घरच्या आजी म्हणाल्या, "अहो राणे, उजवा करा पुढे. तीर्थ आहे ते." काका हललेसुद्धा नाहीत. "आज डावोच आसा," म्हणाले. भटजींना पुढची घरं घ्यायची होती. त्यांनी पळी उलटी केली आणि पुढे सरकले. काका ते तीर्थ शांतपणे प्यायले, डोळ्यांना हात लावला. भटजी आईपुढे आले. आईने एकदा काकांकडे बघितलं. मग पदराखालून तिचाही डावा हात बाहेर आला. तिला कोणी काहीच बोललं नाही. बोलायचं ते सगळं काकांच्या वाट्याला येऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या उंबऱ्यावर हजर. हातात एक जाड कापडी पिशवी. तिच्या एका बंदाच्या बुडाशी त्यांनी हातभर दोरी पक्की शिवून टाकली होती. आत दोन किलो बटाटे. खाली बसले, पिशवी दोन गुडघ्यांत धरली आणि डाव्या हाताने पिशवीच्या गळ्याला दोरीचे दोन वेढे दिले. मग दोरीचं टोक मोकळंच ठेवून, जरा अलीकडे दोरी दुमडली आणि तो दुमडलेला भाग अंगठ्याने वेढ्यांखाली सारून ओढला. पिशवी उलटी धरली. बटाटा हलला नाही. टोक ओढलं, पिशवी उघडली. सगळं एका हाताने.

आई चिडली. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा चिडली होती. "तुम्हाला काय जातंय, तुम्हाला दोन हात आहेत."

"आठ दिस माका एकच हात होतो, वैनी," काका म्हणाले. "जेवलंय, आंघोळ केलंय, लेंग्याची नाडी बांधलंय. नाडीन मात्र रडवल्यान माका."

आई बघतच राहिली. मग हसली. आधी थोडी, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी दारामागे उभी होते. माणूस वेडा झाला म्हणून आम्ही चाळभर सांगत सुटलो होतो, आणि हा बाबा आठ दिवस माझ्या आईचा हात लावून फिरत होता.

शिकवणी सुरू झाली. पहिले काही दिवस आमच्या गॅलरीतून रोज बटाटे धावायचे. वेढे सैल पडायचे, दुमड निसटायची, गुडघे दुखायचे. मी उचलायला धावले की काकांचा आवाज: "तेंचे बटाटे तेंका उचलूक दी." आई चडफडत उठायची, एकेक गोळा करायची, पुन्हा बसायची. काका शाबासकी द्यायचे नाहीत. जमली गाठ की दोरीला एक हिसका देऊन बघायचे आणि म्हणायचे, "हां, परत." महिना गेला. बटाट्यांची जागा कांद्यांनी घेतली, मग टोमॅटोंनी. टोमॅटो धावले तर फुटणार, म्हणून आईने गाठ आणखी जपून मारली आणि ती सुटली नाही.

एका शनिवारी आईने साडी बदलली, ती पिशवी डाव्या खांद्याला लावली आणि म्हणाली, "मी बाजारात जाऊन येते." ती जिना उतरली तशी मी चपला घातल्या. लांबून मागे मागे जावं, तिला कळणारही नाही. खालच्या पायरीवर काका बसले होते. पाय आडवा घातला.

"बस हय. तू पाठी गेलंस तर ता जाणा तुझा झाला, तेंचा नाय."

"आणि पडली तर?"

"पडली तर उठतली."

मी त्यांच्याशेजारी बसले, रागाने. दीड तास बसलो आम्ही. काका शांत आहेत असं मला आधी वाटलं. मग बघितलं, तर हातातल्या सुतळीला ते सारख्या गाठी मारत होते आणि सोडत होते, कपाळावर घाम. एकदा तर मीच त्यांना म्हटलं, येईल हो काका.

आली. बस थोडी पुढे थांबली, आई दांडा धरून सावकाश उतरली, पिशवी खांद्याला, तोंड बंद. आमच्यासमोर येऊन पायरीवर टेकली, पिशवी गुडघ्यांत धरली आणि टोक ओढलं. आत वांगी, टोमॅटो, आणि वर फुकटची मिरची-कोथिंबीर. "मेल्याने सहा महिन्यांत भाव काय वाढवलेत," आई म्हणाली. मी रडायला लागले. काका उठले, लेंगा झटकला, दोरीला हिसका देऊन बघितला आणि वर निघून गेले.

त्यानंतर आईने बाजार पुन्हा आमच्या कोणाच्या हाती लागू दिला नाही. संध्याकाळी घरी आली, की आज कोणाशी भांडली ते सांगायची. हळदीकुंकवालाही जायला लागली, आणि जिकडे जाईल तिकडे डावा हात पुढे करायला लागली. काकांबद्दल एकदाच बोलली. म्हणाली, "सगळे मला उचलायला येत होते गं. त्यांनी मला उठायला लावलं."

गिरणीतून काकांना बोलावणं आलंच नाही. साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये माल बांधायचं काम त्यांनी काही महिने केलं. पण तिथे पट्टी आवळायचं मशीन आलं आणि तेही सुटलं. शेवटी दोघांनी गावी जायचं ठरवलं. तीनेक वर्षांनी काकूंचं पत्र आलं, काका गेले म्हणून. मी पत्र वाचून दाखवलं. आई ऐकत होती. ह्या माणसाला आपण काय दिलं, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला, आणि उत्तर आठवायला मला त्यांच्या गावी जायच्या दिवसापर्यंत मागे जावं लागलं.

त्या दिवशी सामान खाली नेऊन झालं होतं. मी त्यांच्या पाया पडले आणि मनात होतं ते कसंबसं बोलले. म्हटलं, "काका, तुमचे आभार कसे मानायचे तेच कळत नाही. तुम्ही नसतात तर आई..."

काकांनी आपले दोन्ही हात माझ्यासमोर धरले. गठ्ठे आवळून आवळून बोटांची पेरं जाड झालेले हात.

"आभार कसले मानतंस, चेडवा," ते म्हणाले. "दीड वर्स हे हात घेवन घरात बसलेलंय. कोणाक तेंची गरज नव्हती. तुझ्या आवशीन तेंका काम दिल्यान."