शनिवारची ओंजळ

कुहीपलीकडच्या एका खेड्यात मी शाळामास्तरीण होते तेव्हाची गोष्ट. शहरातल्या महाल भागात वाढलेली मी, त्यामुळे खेड्यात अक्कल वाटत फिरायची भारी हौस. गावातल्या सात गरीब बायांनी एक रीत पाडली होती. दर शनिवारी प्रत्येकीने ओंजळभर तांदूळ माझ्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत टाकायचे. अडीनडीला त्यातून उसने न्यायचे, धान निघालं की वर एक पायली घालून फेडायचे. सावकाराकडे पाच पायल्यांचे दहा व्हायचे, म्हणून ही पेटी. कुलूप मात्र माझं, आणि नियमही माझाच: सातही जणी हजर असल्याशिवाय पेटी उघडायची नाही.

ऐन रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, एका शुक्रवारी, त्यांच्यातली एक धापा टाकत शाळेत आली.

“बाई, पाच पायल्या द्या. रोवणाऱ्या बाया बांधीवर येऊन बसल्या. मजुरीचे तांदूळ आधी दाखव म्हणून राहिल्या, नाही तं पाटलाकडे चालल्या.”

“बाकीच्या कुठं आहेत?”

“दुसऱ्या गावी रोवण्याले गेल्या. दिवे लागल्यावर येतीन.”

“मग दिवे लागल्यावरच.”

“काहून असं करता बाई? वाफ्यातले पऱ्हे पिवळे पडून राहिले. आज नाही रोवलं तं माह्यं साल गेलं.”

किल्ली माझ्या कमरेला होती. पोरं पाढे थांबवून बघत होती. एकीला सूट दिली की उद्या सगळा गाव दारात, असं मी मनाला बजावलं. खरं तर मला माझा शब्द मोडायचा नव्हता. “नियम म्हणजे नियम,” मी म्हटलं आणि फळ्याकडे वळले. ती उंबऱ्यावर थांबली, भाताच्या बांधीकडे बघत. मी पुन्हा वळले तेव्हा उंबरा रिकामा होता.

संध्याकाळी बाकीच्या परतल्या. ऐकून त्यातली म्हातारी माझ्यावर भडकली, “आमी पोटासाठी जमवलं वं बाई, कुलपासाठी नाही!”

आम्ही त्या अडलेल्या बाईच्या घरी धावलो. रोवणा झाला होता, सावकाराच्या तांदळावर. “आत्ताच परत करू,” मी म्हटलं.

“कागदावर अंगठा उठला, बाई. आता दहाच द्या लागतीन.”

रात्रभर मला स्वतःची चीड येत राहिली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सगळ्या आल्या, तीही आली, पदरात ओंजळभर तांदूळ घेऊन. घरात दाणा नव्हता तिच्या. ते सावकाराकडूनच आणलेले.

“आज राहू दे,” मी म्हटलं.

“नियम हाय ना, बाई,” ती म्हणाली आणि तांदूळ पेटीत ओतले.

आवाजात टोमणा नव्हता. असता, तर मी भांडून मोकळी झाले असते.