डाव्या कानाची राखण

मला सगळ्यात आधी राग येतो तो त्या विमानाचा. परभणीत मी अकरावी-बारावीच्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवते, आणि आवाजाचा धडा आला की दरवर्षी फळ्यावर तेच लढाऊ विमान काढते. विमान आवाजापेक्षा जोरात पळायला लागलं की त्याचा आवाज मागं पडतो. मागं पडलेला तो सगळा आवाज एकमेकांवर चढतो आणि खाली उभ्या माणसाच्या कानावर एकाच दणक्यात आदळतो. एसटीच्या दारातून माणसं एकेक उतरली तर कुणाला काही होत नाही, मागून रेटा आला की दारातला तोंडावर पडतो, असं सांगितलं की पोरं हसतात, माना डोलवतात. पण असलं विमान त्यांनी बापजन्मात पाहिलेलं नसतं. मीही नाही.

गेल्या हिवाळ्यात हाच धडा घेताना मी एक जाडजूड पुस्तक सोबत नेलं होतं. त्यात विमानाच्या चित्राखाली बारीक अक्षरात एक ओळ होती. चाबकाचं टोकसुद्धा फटका मारताना आवाजाला मागं टाकतं, म्हणून चाबूक कडाडतो. ओळ वाचली आणि खडू हातातच राहिला. चाबूक म्हटलं की गोफण आलीच, आणि गोफण म्हणजे माझी माय.

बोरीच्या शिवारात आमचं थोडं रान आहे. माय तिथं जन्मभर ज्वारीची राखण करत आली. शहरातल्या लोकांना वाटतं, गोफणीनं पाखरांवर नुसते दगड मारतात. दगड कधीतरी. एरवी रिकामीच फिरवायची. एक दोरी बोटात अडकवलेली, दुसरी अंगठ्याखाली दाबलेली. डोक्यावर गरगर फिरवून ती दुसरी सोडली की तिच्या टोकाचा अंबाडीच्या धाग्यांचा झुबका असा कडाडतो की अख्खा थवा उठतो. आणि हे कडाडणं होतं कुठं? कानापासून हातभर अंतरावर. माय उजव्या हातानं गोफण फिरवायची आणि तिचा उजवा कान ठार बहिरा आहे.

तो तास कसा संपवला ते माझं मला माहीत.

या कानावरून तिनं किती बोलणी खाल्ली! गाव तिला तोंडावर ‘भैरी’ म्हणायचं. वडील म्हणायचे, “तुझ्या मायला सोयीचं तेवढंच ऐकू येतं.” वडील आता नाहीत, पण माझा राग काही त्यांच्यासोबत गेला नाही. जिचा कान तुमच्या ज्वारीपायी गेला, तिच्याच हातची भाकर खायची आणि वर तिलाच टोमणे मारायचे? वा रे वा! परभणीतल्या एका कानाच्या डॉक्टरकडं नेलं तर त्यानं बॅटरी लावून आत पाहिलं आणि म्हणाला, “वयोमानानं होतं, ताई.” अहो, वयोमानानं? मग डावा कान काय तिची धाकटी बहीण आहे? बाई काय काम करते, एका शब्दानं विचारलं नाही. मी भांडले. तो पुढच्या पेशंटला हाक मारून मोकळा झाला.

यंदा ज्वारी हुरड्यात आली तेव्हा सुट्टी बघून मी गेले. बोरीच्या फाट्यावर उतरून बांधाबांधानं चालत होते. राखणीच्या उंच माळ्यावर माय उभी दिसली. लांबून आधी तिचा हात झटकलेला दिसायचा, मग ‘फट्’ ऐकू यायचा. जवळ गेले तेव्हा लक्षात आलं, माय डाव्या हातानं फिरवत होती.

“उजवा खांदा लय दुखायलाय,” ती वरूनच म्हणाली. “हात वर जातच न्हाई. मंग म्हनलं, डाव्यानं बघावं. जमलं की!”

डावा कान म्हणजे तिचा उरलेला एकुलता एक कान. रोज संध्याकाळी मी फोन करते, तो ती याच कानाला लावते. नवऱ्याला सांगत नाही, पोरांना सांगत नाही, ते सगळं मी त्या कानात ओतते. तो गेला की माय रानात असेल, घरात असेल, पण मला मिळायची नाही.

“माय, आधी खाली उतर.”

“आन् पाखरं कोन हाकील? तू?”

मी तिला विमान, चाबूक, झुबका, सगळं समजावून सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “खरं असंल. म्हून काय ज्वारी पाखरांच्या घशात घालू?”

तिचंही खोटं नव्हतं. आजूबाजूला सगळा हरभरा आणि हळद. ज्वारी सोडून बाकीचे शहाणे झाले, त्यामुळं शिवारातल्या झाडून सगळ्या भोरड्या आणि चिमण्या आमच्याच रानावर तुटून पडतात. मी म्हटलं, “पुढच्या साली तूही हरभरा पेर.”

“आन् भाकर? इकतची ज्वारी तुज्या गळ्याखाली उतरती का? दर साली पोतं कोन नेतं?”

पोतं मीच नेते. मी विषय बदलला.

“मग निदान कानात कापूस घाल.”

“कापूस घातल्यावर मला कळावं कसं? पाठीमागं थवा उतरला की कणसं खसाखसा हालत्यात. त्याच्यावर तर मी फिरती.”

आता बोला! ज्या कानासाठी मी भांडत होते, त्या कानाशिवाय ते कामच होत नव्हतं. माझं डोकं भणभणलं. ती पाणी प्यायला उतरली तेव्हा मी विळ्यानं गोफणीचा झुबकाच कापून टाकला. परत येऊन तिनं फिरवली तर नुसती ‘भर्र’ झाली. पाखरं जागची हलली नाहीत. तिनं आधी दोरीच्या टोकाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. दिवस मावळेपर्यंत जेवणाची पितळी बडवत रानभर फिरली.

संध्याकाळी घरी चुलीपुढं बसून तिनं अंबाडीचे धागे काढले आणि नवा झुबका वळायला घेतला. मग मात्र माझा ताबा सुटला.

“तुला काही लाज? एक कान घालवलास, आता दुसराही घालव!”

“कान माजा हाय,” ती म्हणाली आणि फिरून बसली, उजवी बाजू माझ्याकडं करून. वाद नको झाला की ती असंच करते.

मी ओरडले. घसा फाटेस्तोवर ओरडले. “तुझा नाही तो कान! माझा आहे तो! तो गेल्यावर मी कुणाशी बोलू? सांग ना, कुणाशी बोलू मी?”

ती झुबका वळत राहिली. हे सगळं मी बहिऱ्या कानाला सांगितलं होतं.

मी उठले, चुलीला वळसा घालून तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. आता ओरडले नाही. रडत रडत तेच पुन्हा सांगितलं. तिनं हातातली अंबाडी खाली ठेवली.

“मंगाशी हेच वरडायली व्हतीस का?” ती म्हणाली. “आगं, असं सांगावं की नीट.”

सकाळी तिनं आपण होऊन कापसाचा बोळा वळला, कानात दाबून घातला आणि वरून कानांवरनं फडक्याची टापर बांधली. झुबका नवाच होता. मला बांधावर उभं केलं. “आता कान तू हो. पाखरं कुटं बसली ते हात करून दाव.” दिवसभर मी हात करत होते आणि ती त्या बाजूला फिरून गोफण कडाडवत होती. एक कणीस फुकट गेलं नाही. आयुष्यात इतकी तिच्या कामाला आले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी मला कॉलेज होतं.

तेव्हापासून फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “कापूस घातला होतास का?” तिचं उत्तरही ठरलेलं, “आँ? काय म्हनलीस?” आणि मग ती खो खो हसायची. मी चिडायचे. चार शब्द सुनवायचे आणि मग निवांत बोलायला बसायचे.

काल विचारलं. “आँ?” ती म्हणाली. “काय म्हनलीस?”

मी ती हसायची वाट पाहिली. मग तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा जोरात.

“आगं मोठ्यानं बोल की बाई,” माय म्हणाली. “काय पुटपुटायलीस?”